साडेसातला येणारी लेक

चारकोप,
४ नोव्हेंबर २०२५

प्रबुद्ध,

जय भीम. त्याच्याआधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. उगाच तुला अवघडायला नको.

चारकोपहून दहिसरला पोस्टाने पत्र पाठवणारी मी बहुधा शेवटचीच बाई असेन. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, मग मी काय कबुतर पाठवू? रिक्षाने येऊन बेल वाजवली असती, पण मागच्या वेळी तू दार अर्धंच उघडलंस आणि ‘आई झोपलीय’ म्हणालास. आतून आईच विचारत होती, ‘पबू, कोन आलं रे?’ झोपेतला माणूस असं विचारत नाही. असो. भांडायला लिहीत नाहीये.

कामाचं सांगते. मालिकेतली माझी नर्मदाकाकू मरणार आहे. शनिवारी शूटिंग आहे, टीव्हीवर दिसेल ते शुक्रवारी, २१ तारखेला, नेहमीच्या साडेसातला. देवघरात, आरतीचं ताट हातात असताना छातीत कळ. मग हार घातलेला फोटो, पांढऱ्या साड्या, सुनेचा टाहो. चॅनेलवाले अशा वेळी काही बाकी ठेवत नाहीत.

तुला बरंच वाटेल. पण आई रोज ती मालिका बघते.

ती कशी बघते ते मला ठाऊक आहे, कोणी सांगितलं ते विचारू नकोस. ती टीव्ही बघत नाही, ती मला भेटते. साडेसात झाले की पदर सावरून बसते. मी पडद्यावर आले की विचारते, ‘जेवली का माय?’ मी सुनेवर डाफरत असले की ‘इतकं रागावू नये’ म्हणून समजावते. रविवारी मालिका नसते, तरी टीव्ही लावायला लावते आणि ‘आज दर्शा नाही आली’ म्हणत दाराकडे बघत बसते. तिच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसत चाललंय, हे तेवढं उरलंय. तू त्या वेळी गॅलरीत जाऊन उभा राहतोस, माझं तोंड दिसायला नको म्हणून. त्यामुळे तुला हे माहीत नसेल.

त्या शुक्रवारी तिची लेक तिच्या डोळ्यांसमोर मरेल, प्रबुद्ध. ते खोटं असतं हे तिला कोणी समजावायचं?

म्हणून एकच मागते. त्या संध्याकाळी मला आईजवळ बसू दे. टीव्ही बंद ठेवतो म्हणू नकोस. बंद असला की ती माझी वाट बघून रडते, हेही मला कळलंय. मी तिचा हात धरून बसेन. पडद्यावरची मेली तरी हात धरलेली जिवंत आहे, एवढं तिला उमगलं की झालं. मग मी उठून जाईन, तुला चहासुद्धा विचारावा लागणार नाही.

आता बॅनर. तू तो विषय काढणारच, म्हणून मीच काढते. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात दहिसर चेकनाक्यावर माझा भिंतीएवढा फोटो लागला. रुपयाएवढं कुंकू, जोडलेले हात, खाली ‘स्वागतोत्सुक’ म्हणून एका गल्लीतल्या पुढाऱ्याचं नाव. बुद्धविहाराच्या कमिटीत लोकांनी तुला विचारलं, ‘काय सचिवसाहेब, तुमचीच बहीण ना ही?’ तुझी मान खाली गेली, मला मान्य आहे. पण तो फोटो त्यांनी मला न विचारता मालिकेतून उचलला होता, हे तू ऐकून घेतलंस का? तू फोनवर म्हणालास, ‘आपल्या बाबांनी जन्मभर आंबेडकरी जलशात जे गायलं त्याला तू कुंकू फासलंस.’ मीही काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, ‘बाबांचं गाणं तुझ्या कमिटीच्या लाऊडस्पीकरात अडकलंय.’ त्यानंतर फोन बंद.

तेव्हा रागात एक सांगायचं राहिलं. इतक्या वर्षांत ते कुंकू मी स्वतःच्या हाताने एकदाही लावलेलं नाही. आमचा मेकअपमन बाळा लावतो. आधी तो मला दोन छटा उजळ करतो, कारण मालिकेतल्या इनामदारांच्या घरातली बाई माझ्या रंगाची कशी चालेल? मग काळ्याभोर केसांचा अंबाडा बसवतो आणि शेवटी कुंकू. पॅकअप झालं की मी आधी कपाळ पुसते, मग पाणी पिते. तुला वाटलं मी देव्हाऱ्यात जाऊन बसले. मी मढला सेटवर कामाला जाते रे.

उत्तर पाठव. नाहीतर मनालीला सांग, ती फोनवर मला सांगेलच. म्हणजे आम्ही नणंद-भावजय बोलत नाही, पण तिच्याकडे नंबर आहे.

दर्शनाताई

मढ,
८ नोव्हेंबर

प्रबुद्ध,

मेले एकदाची. मेकअप रूममध्ये बसून लिहितेय. गालावरचा रंग अजून काढलेला नाही, कपाळ मात्र पुसलंय.

मरण एका टेकमध्ये ओके झालं. आमचा दिग्दर्शक देवेश, अजून दाढी नीट फुटलेली नाही, तो येऊन पाया पडला आणि म्हणाला, ‘काकू, आता हसा.’ ही सेटवरची रीत आहे. मेल्याचा शॉट संपला तरी कॅमेरा चालू ठेवतात. मेलेल्याने उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं. ते कुठे दाखवत नाहीत. मरण सेटवरच राहावं, माणसाबरोबर घरी जाऊ नये, यासाठी ते असतं. तू म्हणशील अंधश्रद्धा. आहेच. पण हसल्याशिवाय बाळा मला खुर्चीतून उठू देत नाही.

गुन्ह्यांच्या मालिकांत मी इतक्यांदा प्रेत झाले, तिथे कोणी हसायला सांगितलं नाही. चादर ओढायची आणि पुढचा सीन. तेव्हा मी बोरिवलीच्या त्या औषधाच्या दुकानात उभी असायचे, आठवतं? तिथे एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘बाई, तुमचं तोंड कामवालीच्या रोलला झकास आहे.’ इतका संताप आला. तरी दुसऱ्या दिवशी त्याने दिलेल्या पत्त्यावर गेले. मग कामवाल्या केल्या, हवालदारीण केली, दुसऱ्यांच्या सिनेमात गर्दीतलं रडणं डब केलं. बालवाडीत शिकवत होते तेव्हा आवाज बसायचा, रडण्याने कधी बसला नाही. आणि या सगळ्याच्या आधी बाबांच्या मागे उभी राहून कोरस. खरं शिक्षण तेच. बाकी सगळं नंतर चिकटलं.

आज मात्र हसू येईना. देवेश म्हणतोय, ‘काकू, थोडंसं,’ आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबा. जलशात ते मालकाच्या माराने मरणारा मजूर करायचे ना? आई पुढे बसून प्रत्येक वेळी रडायची. आपला नवरा शिवदास घरी जेवून आलाय, परत घरी येणार आहे, सगळं माहीत असून रडायची आणि मग न बोलता घरी निघून यायची. म्हणून बाबा चाळीच्या कोपऱ्यावरूनच हाळी द्यायचे, ‘सोनू, चहा टाक!’ ते ऐकलं की आई चुलीशी उठायची. तू टाळ्या वाजवायचास. शिवदास जिवंत परत आला, हे अख्ख्या चाळीला कळायचं.

मग मला हसू आलं. कॅमेऱ्यात बघून म्हटलं, ‘आई, चहा टाक.’ देवेशने विचारलं हा डायलॉग कुठला. म्हटलं, घरचा आहे.

तो तेवढा तुकडा मला फोनवर देणार आहे. पण फोनमधली माणसं आईला दिसत नाहीत, तिला ती मुंग्यांसारखी वाटतात. तेव्हा मला यावंच लागेल. पहिलं पत्र पोचलं असेल. दहिसरचा पोस्टमन आळशी नाही.

ताई

चारकोप,
१२ नोव्हेंबर

प्रबुद्ध,

आता लपवण्यात अर्थ नाही, मनालीचा फोन आला होता. तिला बोलू नकोस. ती म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि घडी घालून ठेवलंस. ती आणि जान्हवी, दोघी मायलेकी अकोल्याला लग्नाला निघाल्यात, म्हणजे घरात तू आणि आई दोघंच. आणखी एक सांगितलं तिने. तू विचारलंस म्हणे, ‘हिला एकाएकी मारलं कशाला?’

मी सेटवर सगळ्यांना ‘कथेची गरज’ म्हणून सांगते. तुला खरं सांगते. दिवाळीच्या आधी चॅनेलने एका मंदिराच्या उद्घाटनाला नर्मदाकाकूच्या वेशात जायला सांगितलं. मी म्हटलं, सेटवर लिहून द्याल ते करीन, सेटच्या बाहेर हे कपाळ घेऊन फिरणार नाही. आधी गोड बोलून पाहिलं, मग एक मीटिंग झाली, आणि पुढच्या कथेत काकूंच्या छातीत दुखायला लागलं.

यावरून तू जिंकलास असं समजू नकोस. मी ते तुझ्यासाठी केलेलं नाही. माझंच ते तोंड रस्त्यावर पुन्हा बघवलं नसतं, एवढंच.

आता या वयात मला काय मिळणार? खाटेवर पडलेली आजी. चालेल, पडून राहीन. कामाची भीती मला कधीच वाटली नाही. भीती दुसरीच आहे. आईच्या लेखी मी फक्त त्या पडद्यावर आहे. तू मला घरात येऊ दिलं नाहीस, म्हणून तिच्याकडे दुसरी दर्शना नाहीच. ती पडद्यावरची मेली की मी मेले, आणि मग मी आयुष्यभर दारात येऊन सांगत बसले तरी ती मला आत घेणार नाही. शुक्रवारी मी तिथे असले पाहिजे. यापुढे तुझ्याकडे काही मागणार नाही.

कालपर्यंत मी तुझ्यावर चिडलेली होते. आज नुसती घाबरलेली आहे.

ताई

दहिसर, तुझ्या मजल्याखालचा जिना,
१६ नोव्हेंबर, रविवार

प्रबुद्ध,

वाट लागली. शुक्रवारचं मरण त्यांनी आजच लावलंय, महाएपिसोड म्हणून. दुपारी जाहिरात बघितली तेव्हा मला कळलं. आम्हाला कोण सांगतं, आणि मेलेल्यांना तर नाहीच. मनालीचा फोन लागत नाही, मांडवात असेल. तुझा लागतच नाही. रिक्षा नदीच्या पुलावर अडकली, तिथून चालत आले.

सुरू झालंय. तुझ्या दारातून माझाच आवाज ऐकू येतोय, सुनेला दिव्यात तेल घालायला सांगतेय.

बेल वाजवायला हात होत नाही. तू उघडशील आणि आईच्या देखत मला परत पाठवशील. म्हणून स्क्रिप्टच्या पाठकोऱ्या कागदावर हे लिहितेय, दाराखालून सरकवते. तू गॅलरीत असशील तर आधी आत जा. मला दार उघड नाहीतर नको उघडूस, पण तिच्याजवळ जाऊन बस. ती एकटी बघतेय रे.

मी इथूनच बाबांसारखी हाक मारणार आहे. शेजारपाजारच्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

आरती सुरू झाली. आता ताट पडेल.

आई ओरडली. पबू, दार उघड

चारकोप,
१८ नोव्हेंबर

पबू,

तू दार उघडलंस. अर्धं नाही, पूर्ण. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बाकीचं तू पाहिलंस, तरी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी दारातून ओरडले, ‘सोनू, चहा टाक!’ मला वाटलं होतं ती उठेल. ती म्हणाली, ‘घरात मयत हाये, चहा कोन मांगते?’ मी समोर बसून तिचा हात धरला, तर तिने तो हळूच सोडवून घेतला. परक्या बाईचा सोडवावा तसा. ‘तू कोन वं बाई?’ तिची तरी काय चूक? पिकलेले मोकळे केस, पंजाबी ड्रेस, माझा स्वतःचा रंग. ही बाई तिने दोन वर्षांत पाहिलेलीच नव्हती. तू म्हणालास, ‘आई, ही ताई आहे, आपली दर्शना.’ ती म्हणाली, ‘ते मेली. आताच मेली, म्या पाह्यलं.’ आणि ऊर बडवायला लागली. तू टीव्ही बंद केलास आणि चपला न घालता खाली पळालास. मला वाटलं, डॉक्टरला आणायला गेलास.

तू खाली होतास तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही. सांगायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस गिळून बसले, आता सांगते.

मी रडत होते. ते बघून आईने स्वतःचं रडणं थांबवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘रडू नको बाई. तुहं कोन गेलं?’ दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलण्यात जन्म गेला माझा, आणि तिथे कोणी काही लिहून दिलेलं नव्हतं. मग तीच सांगायला लागली.

‘माही पोरगी रोज साडेसातले ये. लय घाईत राहे. जेव म्हटलं तं जेवे नाही.’ मग आवाज एकदम बारीक करून, दाराकडे बघत म्हणाली, ‘पोरगा माहा चांगला हाये. मले आंघोळ घालते, गोळ्या देते. पन बहिनीचं नाव काढलं का उठून जाते. त्याच्यानं तिले दारातून येता ये नाही. म्हनून ते बिचारी त्या टीव्हीतून ये.’

असं आहे, पबू. आपल्याला वाटलं तिचं सगळं पुसलं गेलं. आपलं भांडण तिच्याजवळ शाबूत होतं. तिला फक्त मी त्यातून कसा मार्ग काढते तेवढं तिच्या परीने जुळवावं लागलं. तुला दुखवायला लिहिलं नाही हे. मलाही तितकंच लागलंय. बॅनर लागला तेव्हा मी फोनवर तोंड चालवण्यापेक्षा तुझ्या दारात बसून राहायला हवं होतं, असं आता वाटतं. आणि तू उघडायला हवं होतंस, असंही वाटतं.

तेवढ्यात तू आलास. धापा टाकत, हातात तळमजल्यावरच्या सुगंधा सावंतांचा कुंकवाचा करंडा. विहाराचा सचिव कोकणातल्या बाईच्या दारात अनवाणी जाऊन कुंकू मागतो, त्यांनाही काय वाटलं असेल! तू करंडा माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, ‘ताई, लाव.’ मी म्हटलं, ‘मला येत नाही रे.’ पहिलं पत्र तुला तेव्हा आठवलं असावं. मग तूच बोट बुडवलंस. कपाळावर कमी आणि नाकावर जास्त सांडलं. बाळाने बघितलं असतं तर तुला हाकललंच असतं. वर माझे केस मागे ओढून अंबाड्यासारखे मुठीत धरलेस, इतके घट्ट की डोळ्यांत पाणी आलं.

आईने बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

‘आली का माय,’ म्हणाली. ‘जेवली का?’

आपण वरण-भात जेवलो. तू एका हाताने माझे केस धरून दुसऱ्या हाताने वाढत होतास, ते आठवून काल मी एकटीच हसले. आई म्हणाली, ‘आज घाई नाही वाटते हिले.’ 

खोटं लिहीत नाही, मला नुसता आनंद झाला नाही. तिने मला ओळखलं नाही, पबू. कुंकवाला ओळखलं, अंबाड्याला ओळखलं. जिला तिने बालवाडीत नोकरी लागली म्हणून गूळ भरवला, ती मुलगी तिच्याजवळ उरलेली नाही आणि आता ती परत येणार नाही. तुझ्यावर रागावून झालं, चॅनेलवर रागावून झालं, पण याचा राग कोणावर काढायचा ते मला कळत नाही.

साडेसात मात्र रोज वाजणार. ती पदर सावरून बसणार आणि टीव्हीत मी नसणार. म्हणून मी येत जाईन. काम मिळेल तिथे संध्याकाळी लवकर सोडायला सांगेन, नाही सोडलं तर ते काम घेणार नाही. चेकनाक्यावरून कुंकू लावून चालत येणार नाही, तेवढं माझं ठरलेलं आहे. तुझ्या दाराबाहेर लावायचं आणि निघताना जिन्यात पुसायचं. कमिटीतल्या कोणी बघितलं तर काय सांगायचं ते तू ठरव. माझी बहीण नटी आहे म्हण, खोटं नाही ते.

सावंतवहिनींचा करंडा परत दे. मी बाळाकडून त्याची डबी मागून आणलीय, अंबाडाही दिलाय त्याने, म्हणजे तुझा हात मोकळा राहील. उद्यापासून येते. तू तेवढा साडेसातच्या आधी दाराबाहेर ये. लावायला तूच लागशील. वाकडं लागलं तरी चालेल, तिने तसंच ओळखलंय.

तुझी,
ताई